घरच्या वर्कशॉपसाठी बेंच: फणस, मट्टी की जुनं सागवान?

फोंडेकर_हौशी:
नमस्कार मंडळी, मागच्या पडवीत छोटं वर्कशॉप करतोय. सध्या जुन्या जेवणाच्या टेबलावर काम चालतं पण रंधा मारला की टेबलच सरकायला लागतं, म्हणून पक्का बेंच करायचाय, 6 फूट बाय 2 फूट. कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) फणस गेल्या पावसात पडला त्याच्या 3 इंची फळ्या मिलवर काढून घेतल्यात, पण सुतार म्हणतो मट्टीचं (ऐनाचं) लाकूड घे, नातवंडं वापरतील. काय करू? आणि वरची फळी पायांना स्क्रूने घट्ट आवळली तर चालेल ना?

डिचोलीचा_रंधा:
फणस आत्ता अजिबात नको. उघड्यावर सुकायला ढोबळ हिशेब इंचाला वर्ष, म्हणजे तुझ्या फळ्यांना 3 वर्षं, त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड सुकायचं सोडून पाणीच पितं. टोकांना ऑइल पेंट फास, मधे पट्ट्या घालून सावलीत रचून ठेव, पुढेमागे कपाट होईल. मट्टीचं सुतार बरोबर सांगतो पण मशीनवाल्याच्या हिशेबाने. हाताने रंधा मारून बघ म्हणजे कळेल, रंध्याची धार बोथट होते आणि मट्टी सुकताना तडकते पण फार. पायांना लाव हवी तर, वजन येईल. वरती मात्र पाडलेल्या जुन्या घराचं सागवान, वासे किंवा तुळया, ते केव्हाच सुकून बसलेलं असतं. चिरायच्या आधी लोहचुंबक फिरव, आत मोडलेले खिळे असतात आणि मिलवाला ब्लेडचे पैसे तुझ्याकडून घेणार.

बार्देस_77:
घट्ट आवळू नको रे बाबा. पावसात 2 फूट रुंदीचं सागवानसुद्धा सहज पाव इंच फुगतं, बाकीची बरीच लाकडं त्याहून जास्त. मधे एक स्क्रू पक्का, कडेच्या भोकांना लांबट कर म्हणजे फळी सरकेल. नाहीतर सरळ एक एक फुटाचे दोन भाग करून मधे फट ठेव, क्लॅम्प घालायला पण बरी पडते.
सागवान मट्टीपेक्षा मऊ आहे म्हणून नाक मुरडू नका, चेपलं तर बेंच चेपावा, जॉब (ज्यावर काम चाललंय ती वस्तू) नाही. फक्त ते तेलकट असतं, चिकटवायच्या आधी थिनरने पूस, आणि साधा फेविकॉल नको, मरीन (पाण्याला टिकणारा) घे.

फोंडेकर_हौशी:
उंची किती ठेवू? आणि वरून पॉलिश की मेलामाइन?

डिचोलीचा_रंधा:
सरळ उभा राहून हात खाली सोड, मनगटाएवढी ठेव. रंध्याचंच काम जास्त असेल तर अजून दोनेक इंच कमी, अंगाचं वजन टाकता येतं. पुढचे पाय आणि फळीची कड एका रेषेत येऊ दे, लांब फळी उभी धरून कड मारायची तर त्याशिवाय शिकंजा निम्मा वाया. पायांना कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) घालूनच जोड, नुसत्या बोल्टवर गेलास तर परत तेच हलणारं टेबल.
मेलामाइन नको, गुळगुळीत होतं, जॉब घसरतो. जवसाचं तेल दोन हात पुरे.

बार्देस_77:
तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नको हां, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळव. आणि पडवी आहे तर प्रत्येक पायाखाली ग्रॅनाइटचा तुकडा घाल, ओल चढत नाही आणि वाळवी आली तरी लगेच दिसते.