मदत हवी आहे: एडिनबरा + सेंट अँड्र्यूज, आठ रात्री, दोन गोल्फर, दोन बिगर-गोल्फर

खडकवासला_१८

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून एडिनबरा. चौघेजण: मी (हँडिकॅप १९, हा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा), भाऊ (२७), माझी बायको आणि आई. आई सत्तरीची आहे, गुडघे कुरकुरतात. ओल्ड कोर्सवर (सेंट अँड्र्यूजचं प्रसिद्ध जुनं गोल्फ मैदान) एक राउंड आणि एडिनबरा नीट बघणं, एवढंच ठरलंय. सध्याचा बेत असा: गुरुवारी पोहोचायचं, शुक्रवार ते रविवार सेंट अँड्र्यूज, मग पुढच्या शुक्रवारपर्यंत एडिनबरा.

१. ओल्ड कोर्सचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) आत्ता मिळेल का? २७ हँडिकॅपला खेळू देतात का?
२. गाडी घ्यावी की ट्रेन? क्लब (गोल्फ स्टिक) नेऊ की भाड्याने घेऊ?
३. आम्ही खेळताना आई आणि बायको काय करतील?

लिंक्सवारा

बेत उलटा करा. ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो, म्हणजे तुमच्या तीन दिवसांतला एक आधीच गेला.

आगाऊ टी टाइम पुढच्या वर्षासाठी आदल्या वर्षीच वाटले जातात, तो मार्ग आता संपला. राहिली बॅलट. ती म्हाडाच्या सोडतीसारखी, फक्त रोज निघते. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी, तिथल्या दुपारी दोनच्या आत ऑनलाइन नावं द्यायची. निकाल त्याच दुपारी. गटात किमान दोन, जास्तीत जास्त चार खेळाडू. सोमवारसाठी नावं शनिवारी जातात. त्यासाठी गावात असावं लागत नाही, एडिनबराच्या हॉटेलातून फोनवर होतं.

म्हणून गुरु-शुक्र-शनि रात्री एडिनबरा, रविवार ते बुधवार रात्री सेंट अँड्र्यूज, शेवटची रात्र परत एडिनबरा. सोम, मंगळ, बुध, गुरु असे बॅलटचे चार डाव मिळतात. पैसे भरण्याआधी लिंक्स ट्रस्टचं (हे मैदान चालवणारी संस्था) कॅलेंडर बघा. स्पर्धांसाठी काही दिवस कोर्स बंद असतो.

हँडिकॅपची मर्यादा ३६ आहे, भाऊ बसतो. दोघांचीही क्लबकडून आलेली ताजी हँडिकॅप नोंद जवळ ठेवा, पहिल्या टीवर (जिथून खेळ सुरू होतो) मागतात. जुनी प्रिंट घेऊन गेलात तर तिथे वाद घालून उपयोग नाही.

नंबर लागलाच नाही तर एकट्या खेळाडूंसाठी आदल्या दिवशी वेगळी सोडत असते. नावं तिथे प्रत्यक्ष जाऊन द्यायची, अपुऱ्या गटांत घुसवतात. भावाभावांना वेगवेगळे गट मिळतील, याची तयारी ठेवा.

आणि कृपा करून सगळी मदार ओल्डवर ठेवू नका. न्यू कोर्स (१८९५, ओल्ड टॉम मॉरिसचा) किंवा ज्युबिली, ही तिथलीच दुसरी मैदानं, आजच बुक करा. चेंडू मारण्याच्या दृष्टीने न्यू कोर्स माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. ओल्डवर निम्मा खेळ आंधळा, मारताना निशाणा दिसतच नाही.

ओल्डवर ११२ बंकर (वाळूचे खड्डे) आहेत. एकच नियम पाठ करा: चुकायचं तर डावीकडे. जाताना उजवीकडे काटेरी झुडपं, येताना उजवीकडे हद्दीबाहेर. डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) मिळतो. ग्रीनजवळ (भोकाभोवतीचं आखूड गवत) सँड वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब, ठेवून द्या: जमीन कडक, गवत आखूड, वारा जोरात. ८ आयर्नने (चेंडू कमी उंच उडवणारा क्लब) चेंडू जमिनीलगत घरंगळत न्यायचा. चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) उंच मारली की वारा ती नेतो, नाहीतर कडक जमिनीवर वेज आपटून उसळते आणि चेंडू ग्रीनपार जातो.

बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) मिळत नाही (वैद्यकीय कारण वगळता). १८ होल पायी.

वेव्हर्लीकर

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. तिकीट जवळच्या ल्यूकर्स स्टेशनचं काढा, वेव्हर्लीहून (एडिनबराचं मुख्य स्टेशन) साधारण तासभर. पुढे ९९ नंबरची बस, दहा-पंधरा मिनिटं. चौघं, चार सुटकेस आणि दोन गोल्फ बॅगा नेहमीच्या भाड्याच्या गाडीत मावत नाहीत. एस्टेट (मागे लांब डिकी असलेली गाडी) मागावी लागते, ऑटोमॅटिक हवी असेल तर तेही आधीच सांगावं लागतं. इंग्रजीतला भारतीय परवाना तिथे १२ महिने चालतो. पण दोनच गावं आहेत, ट्रेन पुरे.

क्लब: दोनच राउंड असतील तर भाड्याने घ्या. स्वतःचे न्यायचेच तर ड्रायव्हरपेक्षा थोडी उंच काठी बॅगेत उभी घाला. बॅग उलटी आपटली की मार काठीवर जातो, क्लबच्या दांड्यावर नाही. ड्रायव्हरचं हेड सुटं होत असेल तर काढून कपड्यांत गुंडाळा. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायचं यंत्र) सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत.

व्हिसा यूकेचा वेगळा लागतो, शेंगेन चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, शेवटच्या तीन आठवड्यांवर विसंबू नका.

पेठेतली

आईंसाठी लिहिते.

एडिनबरा किल्ल्याचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आधीच काढा, सकाळचा पहिला स्लॉट घ्या. वर चढ आहे, पायाखाली दगडी फरशी. चालायला त्रास असणाऱ्यांना वर नेणारी गाडी असते, दारातच विचारा. दुपारी एकची तोफ रविवारी उडत नाही, म्हणून किल्ला शुक्रवारी किंवा शनिवारी. रॉयल माइल वरून खाली चाला, म्हणजे किल्ल्याकडून होलीरूड राजवाड्याकडे. उलट दिशेला सगळा चढच.

सेंट अँड्र्यूजला कॅथेड्रलचे अवशेष सपाट हिरवळीवर आहेत (काम ११५८ साली सुरू, अभिषेक १३१८), आईंना सोपे. सेंट रूलच्या मनोऱ्याचा अरुंद जिना मात्र सोडा. तिथल्या किल्ल्यात १५४६-४७ च्या वेढ्यातला सुरुंग आणि तो अडवायला आतून खणलेला प्रतिसुरुंग आहे. आत वाकून उतरावं लागतं, तो बायकोने बघावा.

खडकवासला_१८

सर्वांचे आभार, तारखा फिरवतोय. रविवारी दुपारी सेंट अँड्र्यूजला पोहोचून त्या दिवशी काय करावं? आणि एडिनबराच्या बाजूला शुक्रवारी एखादा राउंड?

लिंक्सवारा

रविवारी ओल्ड कोर्स गावाची बाग असतो, कोणीही फिरावं. आईंना घेऊन स्विल्कन पुलापर्यंत (मैदानावरचा जुना छोटा दगडी पूल) जा. क्लबहाउसकडून अगदी जवळ आणि सपाट. तुम्ही दोघं १७व्या ग्रीनभोवती चक्कर मारा, रोड बंकरची खोली डोळ्यांनी बघितली की तिथे ध्वजाकडे मारायचा मोह होत नाही. मंगळवारची नावं त्याच दिवशी दोनच्या आत द्यायची आहेत, ट्रेनमध्ये विसराल.

शुक्रवारी नॉर्थ बर्विक गावचं वेस्ट लिंक्स मैदान. वेव्हर्लीहून ट्रेनने अर्धा-पाऊण तास, स्टेशनवरून चालत. १३व्या होलला ग्रीनच्या अगदी पुढ्यात दगडी भिंत आहे. अप्रोच (ग्रीनकडे मारलेला फटका) आखूड पडला तर बाजूला खेळून घ्या, भिंतीवरून हिरोगिरी नको. १५वा होल म्हणजे रेडान, जगभर ज्याच्या नकला झाल्या तो. पण आदल्या दिवशी उतरलेले असाल, टी टाइम दुपारनंतरचा घ्या. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो.