केन्डो, इआइदो की जुनं केन्जुत्सु: खऱ्या भिडंतीत कामाचं काय?

भुसावळचा_पोरगा
राम राम मंडळी. मी भुसावळचा, वय २४, शाळेपासून कराटे केलंय आणि दोन वर्षांपासून डोक्यात जपानी तलवार बसलीये. व्हिडिओ बघून बघून गोंधळ आणखी वाढला. एक म्हणतो केन्डो म्हणजे बांबूच्या काठीने टकटक करून पॉइंट घ्यायचे, तलवारीशी काही संबंध नाही. दुसरा म्हणतो इआइदो म्हणजे एकट्यानेच तलवार काढायची, हवेत मारायची आणि परत म्यानात घालायची. तिसरा म्हणतो जुन्या घराण्यांचं केन्जुत्सु, म्हणजे तलवारबाजी, तेच खरं, बाकी सगळं नंतरचं. मला मेडल नको, फोटो पण नको, फक्त एवढं समजून घ्यायचंय की समोरचा खरंच मारायला आला असता तर यातलं काय कामी आलं असतं. आमचे आजोबा तरुणपणी गावच्या आखाड्यात लाठी फिरवायचे, त्यांना इआइदोचा व्हिडिओ दाखवला तर पूर्ण बघितला, पोराचा हात छान आहे म्हणाले आणि मग विचारलं, "पण याला मारतो कोण?" तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

यावल_रोड
भो, तलवारीचा जमाना गेला. तलवार घेऊन रस्त्यावर निघालास तर आधी पोलीस उचलतील, हत्यार कायदा १९५९ पासून आहे आणि आपल्याकडच्या पेपरात तलवार बाळगल्याचा गुन्हा ही नेहमीची बातमी. बचावासाठीच शिकायचं असेल तर लाठी शिक, घरातच मास्तर आहे.

मेहरूणचा_केन्डोवाला
नोकरीनिमित्त मुंबईत होतो तेव्हा चार वर्षं केन्डो केलं, आता परत जळगावला आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आजोबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि जपानमध्ये पण हाच वाद तीनशे वर्षं चालू आहे. आधी सराव लाकडी तलवारीने आणि कातांनी, म्हणजे आधीच ठरलेल्या वार-बचावाच्या क्रमांनी व्हायचा, कारण लाकडी तलवार जोरात बसली तर हाड मोडतं, माणूस मरू पण शकतो. मग १७१० च्या दशकात नागानुमा कुनिसातो याने चिलखत आणि शिनाई, म्हणजे ती बांबूची काठी घेऊन पूर्ण ताकदीने भिडायची पद्धत बसवली. तेव्हापासून काता करणारे म्हणतात तुम्ही काठीचा खेळ केला, आणि शिनाईवाले म्हणतात तुमची नुसती फुलं-पानं, तुमच्यावर कोणी वार करतंच नाही.

दोघांचंही थोडं खरं आहे. केन्डोत मारायच्या जागा चारच, डोकं, मनगट, कुशी आणि गळ्यावर टोच. पायावर मारायचं नाही, धरायचं नाही (युद्धाआधीच्या केन्डोत पाय मारून पाडणं आणि झटापट पण चालायची, नंतर गेलं). मोठ्या माणसांची शिनाई १२० सेंटीमीटरची, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, आणि खरी कताना, म्हणजे जपानी तलवार, एक किलोच्या आसपास किंवा जास्त. त्यामुळे शिनाईने जो मनगटाचा झटका बसतो तो तलवारीने तसाच मारला तर कापेलच असं नाही. हे सगळं मान्य. पण भो, समोरचा माणूस घसा फाडून ओरडत तुझ्या डोक्यावर येतो तेव्हा पहिले सहा महिने डोळे आपोआप मिटतात, पाय मागे जातात, जे काय शिकलो ते सगळं विसरतं. ते मिटणारे डोळे उघडे ठेवायला केन्डोनेच शिकवलं मला, आणि हे हवेत तलवार मारून येत नाही, माझी खात्री आहे.

इआइदोला मात्र नाच म्हणू नका. १८६० मध्ये एदोच्या (आजचं टोकियो) किल्ल्याच्या साकुरादा दरवाज्याबाहेर ई नाओसुके या बड्या मंत्र्याला दिवसाढवळ्या मारलं. त्या दिवशी बर्फ पडत होता म्हणून त्याच्या रक्षकांनी तलवारीच्या मुठींवर कापडी खोळी चढवल्या होत्या. हल्लेखोर फक्त अठरा, पण खोळ काढून तलवार बाहेर येईपर्यंत कित्येक जण कापले गेले. म्हणजे तलवार बाहेर काढणं हाच अर्धा लढा होता, आणि इआइ त्यासाठीच जन्माला आलं. हां, गुडघ्यांवर बसून लांब तलवार काढायचे जे काता आहेत ते प्रत्यक्ष प्रसंगाचे नाहीत, घरात बसताना लांब तलवार कमरेला ठेवतच नव्हते. ते कंबर आणि पाय तयार करायला आहेत.

जुन्या घराण्यांबद्दल बोलायचं तर सगळी एका मापाने मोजू नका. दक्षिण जपानातल्या सात्सुमा प्रांताच्या जिगेन-र्यू या घराण्यात रोवलेल्या खांबावर लाकडी काठीने मारत राहायचं, सकाळी तीन हजार आणि संध्याकाळी आठ हजार वार अशी म्हणच आहे तिकडे. डावपेच थोडे, पहिलाच वार असा की अडवणाऱ्याची तलवार त्याच्याच कपाळात जाईल. १८७७ मध्ये सात्सुमाच्या सामुराईंनी सरकारविरुद्ध बंड केलं, त्यात ताबारुझाकाच्या लढाईत हे लोक तलवारी घेऊन सरकारी फौजेवर तुटून पडले, नवीन भरती केलेले शेतकऱ्यांचे पोरं त्यांच्यापुढे टिकेनात, शेवटी पोलिसांमधून तलवार येणारे निवडून बात्तोताई नावाची तुकडी करावी लागली. म्हणजे रायफलींच्या काळात पण जवळ आल्यावर तलवार चालली, फक्त बंड काही तिने जिंकलं नाही, ते बंदुका आणि दारूगोळ्यापुढे संपलं. पण त्याच अनुभवावरून टोकियो पोलीसचा प्रमुख कावाजी तोशियोशी याने पोलिसांना तलवार शिकवायचा आग्रह धरला, आणि आजच्या केन्डोची एक मुळी तिथून येते.

रावेर_केळीबाग
वरच्या भाऊंनी भिडायचं सांगितलं, मी कापायचं सांगतो कारण ते कोणी बोलतच नाही. आमच्याकडे घड काढल्यावर केळीचा खांब कोयत्याने पाडतात. नवीन गडी ताकद लावतो आणि कोयता खांबात वळतो, अडकतो, जुना गडी निम्म्या ताकदीत आरपार. फरक एवढाच की धार ज्या दिशेला आहे त्याच दिशेला हात गेला पाहिजे, जपानीत याला हासुजी म्हणतात. तिकडे भिजवलेल्या चटईच्या गुंडाळ्या कापून हेच तपासतात, आत हाडासारखा हिरवा बांबू पण घालतात. शिनाईला धारच नाही, तर ती चूक कळणार कशी? माझ्या मते चार वर्षं केन्डो केलेल्याला पण एकदा तरी कापून बघायला द्यायला पाहिजे, नाहीतर हाताला खोटी सवय लागते.

आणि कळकळीने सांगतो, ऑनलाइन मिळणारी शोभेची स्टीलची कताना घेऊन हे करू नका. माझ्या आतेभावाने केळीवरच मारली, दुसऱ्या वाराला पातं मुठीतून निसटून दहा फुटांवर जाऊन पडलं, तिथे त्याची लहान पोरगी उभी असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. खऱ्या कतानाचं पातं मुठीत बरंच आतपर्यंत जातं आणि बांबूच्या खुंटीने बसवलेलं असतं, शोभेच्या पुष्कळ तलवारींना आत नुसता बारीक गज जोडलेला असतो. इआइदोवाल्यांची सरावाची इआइतो जस्त-अॅल्युमिनियमची असते, ती पण कापायला नाही.

धुळ्याची_ताई
मी शाळेत मुलींना लाठी आणि दांडपट्टा शिकवते. पोरा, तू तीन तलवारींची तुलना करून राहिला पण तलवार हे रणातलं पहिलं हत्यार कुठेच नव्हतं, जपानात पण आधी धनुष्य, मग भाला, १५४३ नंतर बंदूक, आणि तलवार कमरेला. जपानात नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचं पातं, मुली शिकतात आणि केन्डोवाल्यांशी त्यांचे सामने होतात, तेव्हा केन्डोवाल्यांना नडगीला पण चिलखत बांधावं लागतं कारण नागिनाता पायावर येते आणि यांना पाय वाचवायची सवयच नसते. तलवार हे पहिलं हत्यार नाही हे आमच्या सातपुड्यातल्या भिल्ल तिरंदाजांना सांगायची गरज पडणार नाही. दांडपट्ट्याचं उलटं आहे, मूठ कोपरापर्यंत बंद, मनगट वळतच नाही, सगळा वार खांद्यातून आणि पावलांतून, म्हणून एकाला चार जणांत घुसता येतं. प्रतापगडावर जिवा महालाने सय्यद बंडाचा हात उडवला ते सगळ्यांना माहितीये. कताना दोन हातांची, एकाला एक. जे हत्यार ज्या कामाला केलं ते त्या कामात बघ.

भुसावळचा_पोरगा
ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावलं नव्हतं. आजोबांना सगळं वाचून दाखवलं. साकुरादाच्या खोळीवर म्हणाले आम्ही पण लाठीला कधी गवसणी घातली नाही, ती दाराच्या मागेच असायची. मी आता केन्डोपासून सुरू करायचं ठरवलंय, आधी डोळे उघडे ठेवायला शिकतो. मेहरूणवाले दादा, रविवारी तुमच्याकडे आलो तर एकदा अंगावर घेऊन दाखवाल का?

मेहरूणचा_केन्डोवाला
ये की. सकाळी साडेसहाला तलावाजवळ. शिनाई दोन आहेत, चिलखत एकच, ते तू घाल. मी फक्त डोक्यावर मारीन आणि आधी सांगून मारीन, तरी डोळे मिटतीलच, घाबरू नको.

भुसावळचा_पोरगा
आजोबा पण येतो म्हणताहेत, चालेल ना?

मेहरूणचा_केन्डोवाला
चालेल काय, आणच त्यांना. आणि लाठी सोबत घ्यायला सांग.