चाळिशीनंतरचे रितेपण

प्रश्न : माझे वय ४६ आहे. नोकरी स्थिर असली तरी बढतीची शक्यता संपली आहे, आणि आईवडिलांची आजारपणे व मुलांची शिक्षणे एकाच वेळी माझ्यावर आली आहेत. सगळे सोडून द्यावेसे वाटते. राजीनामा द्यावा का?

प्रतिसाद : निर्णय तूर्त लांबवावा. मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ साली या अवस्थेविषयी लिहिताना, आपल्यालाही मरण आहे ही जाणीव तिच्या मुळाशी असल्याचे मांडले होते. तुमचा रोष नोकरीवर आहे की त्या जाणिवेवर, हे आधी तपासावे.

प्रतिसाद : तत्त्वचर्चा ठीक आहे, पण झोप आणि भूक कशी आहे? उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवडे जवळजवळ दररोज टिकले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉईडचीही तपासणी करावी, कारण ते मंदावल्यानेही असाच थकवा येतो. जगणेच नकोसे वाटत असेल, तर आजच डॉक्टरांना भेटा.

प्रतिसाद : घरी हे सांगितले आहे का? आईवडिलांची जबाबदारी भावंडांत वाटून घेण्याचा विषय काढणे राजीनाम्याहून अवघड वाटते (निदान मला वाटले होते), तरी सुरुवात तिथूनच करावी.

प्रश्नकर्ता : झोप महिनाभर नीट नाही. डॉक्टरांची वेळ घेतो, आणि भावाशीही बोलतो.