'सिंगर-साँगरायटर'ला मराठीत काय म्हणावे?

मेक्सिकोच्या रांचेरा गाण्यांवर, म्हणजे तिथल्या ग्रामीण बाजाच्या लोकप्रिय गाण्यांवर, लिहिते आहे. होसे आल्फ्रेदो हिमेनेस (१९२६–१९७३) यांच्यापाशी गाडी अडली. 'गायक-गीतकार' लिहिले, पण खटकते. आपल्याकडे गीतकार शब्द लिहितो, चाल संगीतकाराची. हिमेनेस यांना शब्द आणि चाल एकदमच सुचत. स्वरलिपी वाचता येत नव्हती, वाद्यही वाजवता येत नव्हते. तरुणपणी मेक्सिको सिटीत वेटरचे काम केले, फुटबॉलमध्ये गोलकीपर होते. चाल गाऊन दाखवायचे. रुबेन फुएन्तेससारखे जाणकार ती मारियाची नावाच्या मेक्सिकन वाद्यमेळात बसवायचे. मग संगीतकार कोण म्हणायचे?

प्रतिसाद १
संगीतकार हिमेनेसच. फुएन्तेस यांनी या गाण्यांसाठी केले ते संगीत संयोजन. स्पॅनिशमध्ये 'कान्ताउतोर' असा जोडशब्द आहे, गायक अधिक कर्ता. पण मेक्सिकोत अशा माणसाला सर्रास 'कोंपोसितोर' म्हणतात आणि त्यात गाण्याचे शब्दही येतात. तेव्हा तो शब्द दिसला की लगेच 'संगीतकार' लिहू नका, निम्मा माणूस गळतो.

प्रतिसाद २
शाहीर का नको? शाहीर स्वतः रचतो, चाल बांधतो, गातो.

मूळ प्रश्नकर्ती
मोह मलाही झाला. 'कोरिदो' रचणाऱ्याला तो शोभला असता. घडलेली हकिगत, शूराची गोष्ट, पोवाड्याच्या जवळचा प्रकार. हिमेनेस यांची गाणी मात्र प्रेमभंगाची आणि मद्याच्या पेल्याची. शाहिरांनी विरहाच्या लावण्या रचल्या हे खरे, तरी 'शाहीर' म्हटले की डफ-तुणतुणे डोळ्यांपुढे येते. तिथे तर ट्रम्पेट आणि व्हायोलिन आहेत.

प्रतिसाद ३
शब्द तयार आहे: वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात व्याख्याच आहे. वाणी म्हणजे 'मातु', गेय म्हणजे 'धातु'. दोन्ही जो करतो तो वाग्गेयकार. दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवणाऱ्याला त्याने वेगळे नाव दिले आहे, कुट्टिकार. आपल्या सिनेमातल्या कितीतरी गीतकारांना ते लागू पडेल! आज हिंदुस्थानी संगीतात बंदिशी रचणाऱ्यांना वाग्गेयकार म्हणतातच, सी. आर. व्यास ऊर्फ 'गुणिजान' यांच्याबद्दल हा शब्द वाचला असेल.

प्रतिसाद २
पण त्यात गाणारा कुठे आला? आणि शार्ङ्गदेवाला व्याकरण, छंद, अलंकार जाणणारा पंडित हवा होता. हॉटेलातला वेटर त्यात बसेल?

प्रतिसाद ३
गाणारा व्याख्येत नाही, पण गुणांच्या यादीत 'हृद्य शारीर', म्हणजे मनाला भिडणारा गळा, आहे. रस-भावाची जाण आणि लयतालाचे ज्ञानही त्याच यादीत आहे. हिमेनेस यांच्याकडे यातले काय कमी होते? लोला बेल्त्रान, चाव्हेला व्हार्गास या गायिकांनी ती गाणी आपली म्हणून गायली. माझ्या मते ते बसतात. मात्र शब्द जड आहे, पहिल्यांदा येईल तिथे उलगडून सांगा.

मूळ प्रश्नकर्ती
पटले. 'लोकगायक' लिहिण्याचा विचारही सोडला. कर्ता ठाऊक असलेल्या गाण्याला लोकगीत म्हणणे म्हणजे कर्त्याचे नाव पुसणे. दोलोरेस इदाल्गो या त्यांच्या जन्मगावी कबरीवर मोठे सोंब्रेरो (रुंद काठाची टोपी) आणि रंगीबेरंगी सारापे (पट्ट्यापट्ट्यांची शाल) बांधले आहे, त्याच्या पट्ट्यांवर गाण्यांची नावे आहेत. लेखातले वाक्य आता असे केले आहे: 'होसे आल्फ्रेदो हिमेनेस हे रांचेराचे वाग्गेयकार, शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि गळाही त्यांचाच.'