प्रतिसाद : निराशेत प्रार्थना सुचत नाही तेव्हा

प्रार्थना करूनही आशा वाटत नाही, असा मूळ प्रश्न. त्यावर वर कुणी ‘विश्वास कमी पडतोय’ म्हटलंय, ते पटत नाही. तसं असतं तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत इतकी विलापाची स्तोत्रं आलीच नसती.

सुरुवात १३व्या स्तोत्रापासून करा. जेमतेम सहा ओव्या, दादर ते माटुंगा लोकलमध्येही वाचून होतात. पहिल्या दोन ओव्यांत थेट तक्रार, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने स्वतःची तीन वाक्यं वहीत लिहा. गडबड होते ती इथे : लोक तक्रार गाळून एकदम भरवशावर उडी मारतात आणि मग ते शब्द स्वतःलाच पोकळ वाटतात. भरवसा येतच नसेल तर ८८वं स्तोत्र घ्या. ते अंधारातच संपतं, तरीही ती प्रार्थनाच आहे.

बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९वा अध्यायही वाचा. एलीया संदेष्टा खचून मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. देवाच्या डोंगराची, होरेबची वाट त्यानंतर. म्हणून रात्रपाळी करून उपाशीपोटी तासभर गुडघे टेकण्याआधी जेवा, झोपा.

एकट्याने जमत नसेल तर माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेना, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना असते. गर्दीत नुसतं बसलं तरी चालतं, शब्द इतर लोक म्हणतात.

आणि जीव नकोसा वाटत असेल तर आधी १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) नंतर बोललात तरी चालेल.