विरळणी करताना लाकूड आणि पाखरं दोन्ही कशी राखायची?

रानमालक: खाजगी रान, मिश्र झाडांचं. झाडं 20 मीटर उंच, पण छातीच्या उंचीवर व्यास जेमतेम 20 सेंमी. शेंडे गुंतलेत, खाली गवतही नाही. एकदाच निम्मी काढली तर चालेल?

काटवण: नको. उंचीला व्यासाने भागा, दोन्ही सेंमीत धरून: तुमचं 100 येतं. 80 च्या वरची झाडं एकमेकांच्या आधाराने उभी असतात. निम्मी गेली की वादळात उरलेली आडवी. शिवाय एकदम ऊन मिळालं की खोडावर फुटवे येतात, लाकडात गाठी पडतात. राखायची ती सरळ, भरल्या शेंड्याची झाडं आधी रंगाने खुणावा. मग प्रत्येकाच्या शेंड्याला भिडणारं एखाद-दुसरंच काढा. शेंडे परत भिडले की पुढची फेरी.

ढोलीवाला: पोकळ झाडांना हात लावू नका. बाजारात त्यांचं सरपणच होतं. उभी राहिली तर सुतारपक्षी, पिंगळे, वटवाघळं येतात. वाळकी झाडं नसतील तर एखादं वाकडं झाड कडं पाडून, म्हणजे खोडाभोवती गोल घाव घालून, उभंच वाळवा. नुसती साल काढलीत तर कडा जुळून ते सावरू शकतं. घाव सालीखालच्या पांढऱ्या लाकडात 2-3 सेंमी गेला पाहिजे, तोही सगळीकडून. वाटेपासून मात्र उंचीच्या दीडपट लांब.

रानमालक: तोड कधी?

काटवण: घरटी रिकामी झाल्यावर, जमीन कोरडी असताना. ओल्यात ओंडके ओढले की माती दबते, मुळं गुदमरतात. आणि परवाना लागतो का, ते कुऱ्हाड उचलण्याआधी बघा.