मदत हवी आहे : टोमॅटोत पीडीएस जनुक गप्प होत नाही

एमएस्सी प्रकल्प, नवी मुंबई. पीडीएस जनुक गप्प (बंद) झालं की पानं पांढरी पडतात; ते गप्प करायला टीआरव्ही (टोबॅको रॅटल व्हायरस) हा दोन भागांचा विषाणू वापरतोय. टीआरव्ही१ आणि टीआरव्ही२-पीडीएस वाहून नेणारं अ‍ॅग्रोबॅक्टेरियम (रोपात डीएनए सोडणारा जिवाणू) समप्रमाणात मिसळून, ओडी (द्रावणातली जिवाणूंची दाटी) १.०, २०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोनमध्ये (जिवाणूला डीएनए सोडायला चालना देणारं रसायन) तीन तास ठेवलं आणि बिनसुईच्या सिरिंजने दहा दिवसांच्या रोपांच्या बीजपत्रांत सोडलं. याच मिश्रणाने निकोटियाना बेंथामियानाची (तंबाखूच्या जातकुळीतलं प्रयोगातलं रोप) वरची पानं पांढरीफटक पडली, म्हणजे कन्स्ट्रक्ट (तयार केलेला डीएनए) ठीक असावा. टोमॅटोत मात्र चार आठवड्यांनी एकाच पानावर, देठाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका! ओडी दुप्पट करूनही तेच.

माझा संशय तापमानावर आहे. टीआरव्हीला २०-२२ अंश मानवतात. आमच्या खोलीतला एसी रात्री बंद होतो, पारा २९ वर. ग्रोथ चेंबर फक्त आठवडाभर मिळेल. तो आठवडा इंजेक्शननंतर लगेच वापरू, की नवी पानं फुटायला लागल्यावर?